एकतीस फूट

आमचं घर पूर्व-पश्चिम वाढत होतं आणि दक्षिण-उत्तर आटत होतं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण तेव्हा मी ते कबूल केलं नाही.

घर म्हणजे सरकारी क्वार्टर. तीन खोल्या एकापाठोपाठ एक. पश्चिमेला रस्त्यावर उघडणारी बाहेरची खोली, मग मधली, आणि पूर्वेच्या टोकाला स्वयंपाकघर. बाहेर पडायला दार एकच, बाहेरच्या खोलीतलं. नळही त्याच दाराशी. बाहेरच्या खोलीत माझं टेबल असायचं आणि स्वयंपाकघरात माझी बायको कालिंदी. मी बिडवे, मोजणीदार. एकोणतीस वर्षं मी लोकांच्या जमिनी साखळीनं मोजल्या, भावाभावांच्या हद्दी ठरवल्या. मी रोवलेला दगड कुणी हलवत नसे. मला उलटून बोललेलं खपत नाही, हेही आधीच सांगतो.

सुरुवात चहापासून झाली. तो गार यायला लागला.

"हा काय चहा आहे?" मी म्हटलं.

"उकळता घेऊन निघाले होते," कालिंदी म्हणाली. "अहो, घर लांबलंय."

"घर काय रबराचं आहे?"

"ओट्यापासून तुमच्या टेबलापर्यंत साठ पावलं होतात आता. आधी बारा व्हायची."

मी तिथल्या तिथे टेप काढला. एक टोक तिच्या हातात दिलं, मागच्या भिंतीशी जमिनीवर दाबून धरायला सांगितलं, आणि टेप फरशीवर पसरत पुढच्या भिंतीपर्यंत आलो. एकतीस फूट. क्वार्टरच्या नकाशातही एकतीसच होते. आकडा मी तिला मोठ्यानं वाचून दाखवला. मोठ्यानं वाचावा लागला, कारण ती बरीच लांब उभी होती. ते माझ्या डोक्यात आलं नाही, किंवा आलं आणि मी ते झटकलं.

"टेप बरोबर असेल," ती म्हणाली. "माझे पायही बरोबर आहेत."

पावलं मोजणं हे आमच्या खात्यात अडाण्याचं काम समजतात. साखळीवर कितीही चाला, पावलं मोजायची नाहीत. मोजली तर वरिष्ठ हसतात. आमची साखळी रोज सकाळी तपासली जाते. ऑफिसच्या आवारात कसोटीचे दोन दगड पुरलेले आहेत, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. साखळी त्या दोघांमध्ये जमिनीवर टाकायची. नेमकी बसली तर त्या दिवशीचं काम सुरू. मी एकोणतीस वर्षं हे केलं. त्या महिन्यातही रोज केलं, आणि साखळी रोज नेमकी बसली.

नियम मला आता माहीत आहे. कालिंदीला तो पहिल्या आठवड्यातच कळला होता. जे जमिनीला टेकतं ते जमिनीचं होतं, आणि जमिनीबरोबर लांबतं आणि अरुंद होतं. हातात उचललं की ते आपल्या मूळ मापावर येतं. जिवंत माणसाला आणि पाण्याला हा नियम लागत नाही. तिनं मला जेवायला वाढलं तेव्हा ताट हातात गोल होतं. खाली ठेवलं आणि ते बाकाएवढं लांब झालं, पण रुंदीला वीतभरच राहिलं. वरणभातापासून लोणच्यापर्यंत जायला मला पाटावरून सरकावं लागलं.

"फिरवून ठेवते," ती म्हणाली. तिनं ताट उचलून आडवं फिरवलं आणि पुन्हा ठेवलं. लांबट बाजू पुन्हा पूर्व-पश्चिमच.

"बघितलंत?" ती म्हणाली. "पोळी न फिरवता एकाच अंगानं लाटत राहिलं की अशीच होते. लांबोडकी. ज्याच्या हातात लाटणं आहे तो पोळी फिरवायला विसरलाय."

"जेवताना डोकं खाऊ नकोस," मी म्हटलं.

लोणचं न घेताच मी उठलो. तिला हसू आलं होतं आणि तिनं ते पदरात लपवलं होतं. तेव्हा ती अजून हसत होती.

इकडे दक्षिणेला आमचं ऑफिस होतं, क्वार्टरपासून दोनशे पावलांवर. ते जवळ येऊ लागलं. आधी शंभर पावलांवर, मग साठ, मग चाळीस. माझ्या खिडकीतून साहेबांचं टेबल दिसायचं. साहेब त्यांच्या खुर्चीतून बोलायचे आणि मला माझ्या खुर्चीत ऐकू यायचं.

"बिडवे, तुमच्या मिसेस म्हणतात घर वाढलंय?"

"नाही साहेब. मोजणी बरोबर आहे."

"मग तक्रार नाही ना तुमची?"

"नाही."

"झालं तर मग."

मला बरं वाटलं. बायको लांब जात होती, ऑफिस जवळ येत होतं, आणि मला बरं वाटलं. याची लाज वाटते.

मग बिरा लवटे आला. बिरा साधा माणूस. चार शेळ्या, दोन बैल आणि गावाच्या पूर्वेला थोडी जमीन. माझ्या दारातून तो अंग चोरून आत आला. दार तोवर अरुंद झालं होतं.

"सायेब, शेत लांब गेलंय," तो म्हणाला. "परवा गेलो तर पोचायला दीस गेला. बैलं तिकडंच बांधल्यात. जाऊ का नको, ते सांगा."

"तुझं शेत गावच्या हद्दीपासून अकरा साखळ्या. मी स्वतः मोजलंय. गेल्याच महिन्यात."

"मापलंय ते मला ठावं हाय. पर पाय दुखत्यात."

"पाय दुखतात म्हणून शेत लांब जात नाही, बिरा."

"पाणी किती नेऊ?"

"तांब्याभर ने. तासाभरात परत येशील."

तेवढ्यावर त्याचं समाधान होईना. त्याला लेखी हवं होतं. मी अकरा साखळ्या असं लिहून सही-शिक्का करून दिलं. त्यानं कागदाची घडी करून मुंडाशात खोचली आणि माझ्या पाया पडला. पाया पडू नकोस म्हणालो, पण आतून मला आवडलं.

दुसऱ्या दिवशी मी रस्त्यावर उभा राहून पूर्वेकडे बघितलं. सपाट माळ आहे, लांबवर दिसतं. बिरा चालताना दिसला, तीळभर. तिसऱ्या दिवशीही दिसला. पाचव्या दिवशी तो चालत नव्हता, बसला होता. मग आडवा झाला. कालिंदीला हे मी सांगितलं नाही. तिला ते तिच्या गजाच्या खिडकीतून दिसलं होतं.

त्या दिवशी ती दुपारचं जेवण घेऊन निघाली ती दुपार टळल्यावर पोचली. भाकरी वाळून कडक झाली होती. तिच्या टाचा फुटल्या होत्या. तिनं नळावर घागर भरली, डोक्यावर घेतली, आणि दाराशी थांबली.

"त्याला तुम्ही तांब्याभर पाण्यावर पाठवलंत," ती म्हणाली.

"मोजणी अकरा साखळ्यांचीच आहे."

"मी आता येणार नाही."

"म्हणजे?"

"माझ्या खेपा संपल्या. आता तुम्ही या. एकदा चालत या, आणि किती पावलं झाली ते तुमच्या तोंडानं सांगा. मग तुम्ही एकतीस फूट म्हणालात तरी मी हो म्हणेन."

"तुझ्या हट्टापायी मी खात्याला खोटं पाडू?"

ती वळली. घागर सांभाळत, अंग तिरकं करून मधल्या दारात शिरली. बराच वेळ तिची पाठ दिसत होती. मग घागरच दिसली, मग तीही नाही.

मीही हट्टाला पेटलो. कोपऱ्यावरच्या हॉटेलात खायचो, परत येऊन टेबलाशी बसायचो. टेबलाचं पलीकडचं टोक आता दिसत नव्हतं. रोज बाराच्या सुमाराला ती स्वयंपाकघरात थाळी वाजवायची, जेवायला या म्हणून. पहिल्या दिवशी आवाज स्पष्ट आला. चौथ्या दिवशी कुणीतरी नखानं पत्रा टोकरतंय इतकाच आला. मी ऐकायचो, पण उठायचो नाही. तिच्याकडे रांजणभर पाणी आहे, असं मी स्वतःला सांगायचो. आमचा रांजण दोन माणसांना चार दिवस पुरतो, म्हणजे एकटीला आठ दिवस. तोवर तीच येईल. एवढी वर्षं तीच येत होती.

सातव्या दिवशी थाळी वाजली नाही.

मी एक वाजेपर्यंत कान लावून बसलो. मग खुंटीवरची छागल काढली. मोजणीवर जाताना नेतो ती, कॅनव्हासची, खांद्याला अडकवायच्या लांब पट्ट्याची. ती नळावर तोंडापर्यंत भरली. खाली कुठेही टेकवायची नाही, एवढं मला तोवर समजलं होतं.

"कुठे निघालात बिडवे?" साहेबांनी विचारलं. ते आता माझ्या खिडकीबाहेर, हात लांब केला तर लागतील इतक्या जवळ बसले होते.

"स्वयंपाकघरात," मी म्हटलं.

"रजेचा अर्ज?"

मी उत्तर दिलं नाही. नोकरीत पहिल्यांदाच दिलं नाही.

मी पावलं मोजत निघालो. एकेक फरशी ओलांडायला दीडशे पावलं लागत होती. खोलीची रुंदी मात्र माझ्या दोन हातांत मावत होती. माझ्याच टेबलाच्या कडेकडेनं मी सहाशे पावलं चाललो. टेबलाच्या त्या टोकाला एक कप होता, कालिंदीनं कधीतरी आणून ठेवलेला. कप गाडीएवढा लांब झाला होता आणि तळाशी चहा वाळून गेला होता. तो मी प्यायलो नव्हतो. कोणत्या भांडणात, ते आठवेना.

दोन हजारांच्या पुढे मधल्या खोलीचं दार आलं. दार कसलं, भिंतीची जाडीच दोनशे पावलांची झाली होती आणि दार म्हणजे तिच्यातून गेलेली चीर. मी तोंड दक्षिणेकडे केलं, छागल डोक्यावर धरली, श्वास सोडला आणि आडवा आडवा सरकू लागलो. शर्टाची बटणं एकेक करून तुटली. पलीकडे निघालो तेव्हा छाती सोलून निघाली होती. मागे वळून पाहिलं. आता त्या चिरेत माझा हातही जेमतेम गेला असता.

मधल्या खोलीत भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटो आहे. तो भिंतीला टेकलेला, म्हणून तोही लांबला होता. आधी मी माझ्या तोंडावरून गेलो, फेट्यावरून गेलो. मग तिचा चेहरा सुरू झाला. कपाळापासून हनुवटीपर्यंत नाही, गालापासून गालापर्यंत. त्याला एकतीस पावलं लागली. एकोणीस वर्षांची होती तेव्हा. तिच्या नाकाशेजारी एक तीळ आहे, तो मला त्या दिवशी दिसला. मी तिथे उभा राहून रडलो. थांबायला वेळ नव्हता, तरी रडलो.

"कालिंदी," मी हाक मारली.

उत्तर आलं नाही. चार हजार. पाच हजार. मी चालत होतो तेव्हाही जमीन लांबत होती, हे मला पायांत कळत होतं. पुढची फरशी दीडशेची होती, तिच्या पुढची पावणेदोनशेची. भिंती दोन्ही खांद्यांना घासू लागल्या. मग सरळ चालता येईना, तिरकं चालावं लागलं. छपरातल्या काचेच्या कौलातून उजेडाची एक लांब दोरी खाली पडली होती. तिच्यात धूळ होती.

"कालिंदी, पाणी आणलंय."

"इकडे," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की मला आधी तो माझ्याच घशातला वाटला. तो पुढून, स्वयंपाकघराच्या दारातून आला होता. तीही एक चीर होती, आधीच्याहून अरुंद. मी आत डोकावलो. आत, लांबवर, कालिंदी होती. ती तिच्या बाजूनं शिरली होती आणि अडकली होती. तिची मान माझ्याकडे वळलेली होती. ओठांवर पापुद्रे आले होते.

"रांजण?" मी विचारलं.

"रांजण लांबला," ती म्हणाली. "पाणी नाही ना लांबत. तळाला पसरलं आणि चौथ्या दिवशी सुकलं."

"मग थाळी कशाला वाजवत होतीस? ओरडायचं."

"ओरडत होते."

मी चिरेत शिरलो. छाती एका भिंतीला, पाठ दुसऱ्या भिंतीला. टाच, चवडा, टाच, चवडा. ते मी पावलांत धरावं की नाही कळेना. पण धरलं. तीही माझ्याकडे सरकायला बघत होती, तिचा खांदा हलत होता, ती मात्र हलत नव्हती. मी जितका सरकत होतो तितकी फरशी मधे वाढत होती. तरी अंतर हळूहळू कमी झालं. चाळीस हातांवर तिचा श्वास ऐकू आला. दहा हातांवर तिचे डोळे नीट दिसले. मग चार हातांवर भिंती माझ्या बरगड्यांना दोन्हीकडून भिडल्या आणि मी थांबलो. पुढे जाता येईना. मागेही येईना.

"किती झाली?" तिनं विचारलं.

"सात हजार दोनशे चाळीस."

"आणि टेप?"

"टेप खोटा आहे," मी म्हटलं. "खात्याचे दगड खोटे आहेत. मी खोटा आहे. घर लांबलंय, कालिंदी. बिराला मी मारलं."



"मी साठ पावलांनाच सांगितलं होतं," ती म्हणाली. तिचा राग गेलेला होता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

मी छागल गळ्याशी धरली आणि पट्टा तिच्याकडे फेकला. दोनदा हुकला. तिसऱ्यांदा तिच्या बोटांत आला. तिनं तो मनगटाला एक वेढा घालून धरला. तिची पकड मला जाणवली. हातात हात नव्हता, पण त्या पट्ट्यातून ती मला लागत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा लागत होती.

पट्टा कुठेही टेकलेला नाही, म्हणून तो आहे तेवढाच आहे. आम्ही दोघं मात्र भिंतींमध्ये घट्ट बसलो आहोत आणि भिंती आम्हाला घेऊन दोन बाजूंना चालल्या आहेत. पट्ट्याचा झोळ गेला. मग तो सरळ झाला. आता तो ताणला आहे.

"अहो, सोडा," कालिंदी म्हणते. "सोडलीत की पाणी माझ्याकडे येईल."

बरोबर आहे. मी सोडली की छागल तिच्याकडे जाईल, ती पाणी पिईल, आणि मग मला ती कुठूनच लागणार नाही. तिचं मनगट पट्ट्यानं कापलं जातंय, ते मला दिसतंय. छागलीतून थेंब गळताहेत आणि फरशीवर पडताहेत.

"सोडा ना," ती म्हणते.

मी बोटांना सांगतोय. मूठ उघडत नाही.